तारेचा वाटा

थोआच्या बागेतले दिवे लागले की रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, बाईने पिकलेले भोपळे टांगून ठेवलेत. पिवळे, मऊ, बिनकामाचे. चांगले पंचेचाळीस दिवे, पण त्यांच्या उजेडात स्वतःची चप्पल सापडायची मारामार. आणि तिच्या बागेच्या पुढे, रस्त्याला लागून, दियेनची बाग. तिथे असा लख्ख उजेड की जमिनीवरची मुंगी मोजून घ्यावी.

ड्रॅगन फ्रूटच्या बागेत दिवे काही शोभेला लावत नाहीत. दिवस लहान झाले की हे झाड फुलायचं थांबतं. मग रात्री त्याच्या अंगावर उजेड पाडायचा, म्हणजे त्याला वाटतं उन्हाळा अजून सरलेला नाही, आणि ते बिचारं कळ्या धरतं. सगळी फसवाफसवीच आहे, पण फसवायचं तर नीट फसवायला हवं ना! थोआच्या दिव्यांना झाडं फसेनात. पंधरवडा होऊन गेला, दियेनकडे फांदीफांदीवर कळ्या आल्या, आणि हिच्याकडे नुसते काटे. आता चार-आठ दिवसांत कळी धरली नाही तर नव्या वर्षाच्या, तेतच्या सणाला फळ नाही, आणि तेतला फळ नाही म्हणजे वर्ष हातचं गेलं.

दियेन तिचा थोरला दीर. थोआचा नवरा लोय तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. बापाने दोघा भावांना जमीन वाटून दिली होती ती एकामागे एक अशी, पुढची दियेनला, मागची लोयला. लोय होता तोवर दोन्ही बागांना मिळून दियेनचीच एक जाड केबल होती. त्याने बटण दाबलं की दोन्हीकडे दिवे लागायचे, त्याने बंद केलं की दोन्हीकडे अंधार. लोयला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण तो गेल्यावर थोआला ते खुपायला लागलं. नवरा गेलेल्या बाईने काय दिराच्या बटणावर जगायचं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि तिच्या मनाने एकदा घेतलं की ते काढणं देवालाही जमलं नसतं. यंदा हंगामाआधी तिने रस्त्यावर स्वतःचा मीटर बसवून घेतला आणि तिथून दियेनच्या बागेवरून आपल्या बागेपर्यंत स्वतःची तार ओढली.

दियेन तेव्हा एवढंच म्हणाला होता की पल्ला लांबचा आहे, तार जाड घे. थोआला वाटलं, झालं, आता तारसुद्धा ह्यांना विचारून घ्यायची. तिने फान थिएत शहरातल्या दुकानात जाऊन पंचवीस अँपिअर झेलणारी तार घेतली. तिचे दिवे तेवढे ओढणारच नव्हते, मग जाड घेऊन काय पूजा करायची होती?

थोआला हिशेब येत होता, हीच सगळी पंचाईत. लग्नाआधी ती बिएन होआला पंख्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायची. समोर पंख्याचं वेटोळं, दोन्ही टोकांना हातभर तारा, आणि दोन काटे. एक काटा व्होल्ट दाखवायचा, एक अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागायचं, की वेटोळ्याचा रोध निघाला. दोन्ही गुणायचे, की ते किती वॅट खातंय ते कळलं. आकडा बरोबर आला तर शिक्का, नाही तर टोपलीत. असली वेटोळी तिने किती हातावेगळी केली त्याला गणती नव्हती. पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं होतं की जोडायच्या तारांचा विचार करायचा नाही, त्यांचा रोध नसल्यासारखाच. तेव्हापासून तिच्या डोक्यात तार म्हणजे नुसती वाट. वाटेला काय भूक असते?

तर ह्या हंगामात दिवे मंद दिसले तेव्हा तिने आधी व्होल्ट पाहिले. रस्त्यावर मीटरपाशी दोनशेवीस, तिच्या बागेत एकशे पंचावन्न. तिने साठ वॅटचे सगळे दिवे काढून शंभराचे लावले. दिवे तसेच राहिले, व्होल्ट मात्र आणखी घसरले, एकशेतीसवर आले. थोआने कपाळावर हात मारला. वाटेत कोणीतरी वीज चोरतंय, आणि मोठे दिवे आणले तशी चोराची भूकही वाढली म्हणायची! तिने हिशेब मांडला. दिव्याची ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते, निम्मे व्होल्ट आले तर पावच ताकद उरते. म्हणजे तिचा शंभराचा दिवा जेमतेम चाळिसाचं काम करत होता. मधले नव्वद व्होल्ट कुठे गेले? आणि मधे होतं काय, तर दियेनची बाग.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुओयबाईच्या कॉफीच्या टपरीवर, अर्ध्या गावासमोर, ती बोलून बसली. नाव घेतलं नाही. काही लोकांच्या बागेत माझ्या विजेचे दिवे जळतायत, म्हणून त्यांना उजेड आणि मला अंधार, एवढंच म्हणाली. दियेन तिथेच नेहमीच्या स्टुलावर बसला होता. त्याने बर्फ घातलेल्या कॉफीचा पेला अर्धाच खाली ठेवला, त्याच्याखाली नोट सारली आणि उठून गेला. मुओयबाईच्या टपरीवर बोललेलं बंदरावरच्या मासळीबाजारात पोचायला दुपारसुद्धा लागत नाही. त्या दिवशीही लागली नाही.

त्यानंतर पंधरवडाभर दियेन तिच्या दाराशी फिरकला नाही, आणि तिनेही बोलावलं नाही. पण आता लोयचं श्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. दर वर्षी श्राद्धाला सगळ्यांच्या आधी दियेन यायचा, सायकलच्या दांडीला बदक उलटं टांगून. ते तो स्वतः साफ करायचा, स्वतः शिजवायचा, कारण लोयला लहानपणापासून दादाच्या हातचंच बदक लागायचं. यंदा काय करायचं हे थोआने ठरवून टाकलं होतं. श्राद्धाला सगळे नातेवाईक जमतील, उदबत्ती लावून होईल, ताटं मांडली जातील, आणि मग ती सगळ्यांसमोर आकडे ठेवणार होती. नुसतं बोलणं नाही, आकडे. त्यासाठी तिने फान थिएतहून चिमट्याचा मीटर आणला. त्याचा जबडा तारेभोवती धरला की तार न कापता, न सोलता कळतं, आतून किती अँपिअर वाहतायत.

तिचा डाव अगदी सरळ होता. रस्त्यावरून तिच्या तारेत वीस अँपिअर शिरले आणि बागेत पंधराच पोचले, तर मधले पाच कोणी उपटले हे सांगायला वकील लागत नाही.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी, ऊन कलायला लागल्यावर, तिने आपले दिवे लावले आणि बागेच्या टोकाशी चिमटा धरला. पंधरा अँपिअर. व्होल्ट एकशेतीस. मग सायकल काढून ती रस्त्यावर गेली, मीटरची पेटी उघडली आणि तिथे चिमटा धरला.

पंधरा.

तिने चिमटा काढला, जबडा दोनदा उघडून मिटला, हातावर आपटला, पुन्हा धरला. पंधरा. व्होल्ट पाहिले, तर दोनशेवीस. जेवढे अँपिअर निघत होते तेवढेच्या तेवढे पोचत होते. तिचा पहिला विचार असा की चोर हुशार आहे, दिवसा घेतच नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की दियेनचे दिवे तर अजून लागलेच नव्हते. त्याची अख्खी बाग उन्हात गप्प उभी होती. आणि तरीही आत्ताच ती आपल्या टोकाला एकशेतीस बघून आली होती.

थोआ मीटरच्या पेटीखाली तांबड्या मातीत बसली. समुद्राकडून वारा येत होता. डोकं जुन्या सवयीने आपलं काम करत राहिलं. नव्वद व्होल्ट हरवलेत, पंधरा अँपिअर वाहतायत. नव्वदला पंधराने भागायचं. सहा. मधे कुठेतरी सहा ओहमचा रोध बसलाय. पण मधे आहे काय? दिवा नाही, पंप नाही, काही नाही. नुसती तार आहे.

तिने मान वर करून तारेकडे पाहिलं. एका खांबावरून दुसऱ्या खांबावर ती बारीक होत पार दिसेनाशी झाली होती, आणि तशीच दुसरी तिच्या शेजारून परत येत होती. जाऊन येऊन एक किलोमीटरच्या वर. कारखान्यातली तार हातभर होती म्हणून तिचा रोध धरायचा नसतो. इथे तो हातभर रोध हजारदा जोडला गेला होता, आणि तो तिने एकदाही धरला नव्हता. नव्वद गुणिले पंधरा, तेराशे पन्नास वॅट. मोठी इस्त्री तापवून रात्रभर आभाळाला लावून ठेवावी तशी तिची वीज त्या तारेतून वाऱ्यावर जात होती. मोठे दिवे लावले तेव्हा अँपिअर वाढले, आणि अँपिअर वाढले तसं तारेचं खाणं त्याहून जोरात वाढलं. ती जितकं जास्त ओढायला गेली तितका तारेने आपला वाटा मोठा करून घेतला. दुकानात तार किती झेलेल एवढंच तिने विचारलं होतं. किती खाईल हे विचारलंच नव्हतं.

पण माणसाचं मन असं सहजी हार मानतं का? आकडे चुकले असतील, मधेच कुठे तारेवर चोरीचा आकडा टाकलेला असेल, असं म्हणत ती उठली आणि तारेखालून दियेनच्या बागेत शिरली. वर बघत, एकेक खांब तपासत. तार कुठेही सोललेली नव्हती, कुठेही जोड नव्हता. वर बघून मान दुखायला लागली तेव्हा तिने खाली पाहिलं.

डाव्या हाताला झाडांवर कळ्या. उजव्या हाताला झाडांवर कळ्या, काही तर अंगठ्याएवढ्या. आणि ती जिथून चालत होती, तिच्या तारेच्या बरोबर खालची एक ओळ, ती मात्र नुसती हिरवी. एक कळी नाही. थोआ मागे फिरून पुढेपर्यंत पाहत गेली. अख्खी ओळ तशीच. दिव्यांच्या वायरी खांबांवरून उतरवून, नीट गुंडाळून, खाली बांधून ठेवलेल्या होत्या. एकही दिवा टांगलेला नव्हता.

ओळीच्या टोकाला दियेन हातात कोयता घेऊन उभा होता. तो किती वेळ तिथे होता कोण जाणे. त्याने तिला अनोळखी बाईला विचारावं तसं विचारलं, काही हवंय का.

“भावजी, ही ओळ अंधारात का ठेवलीत?”

दियेनने कोयत्याला लागलेला चीक पानाने पुसला. “वरून तुझी तार जाते. इथे माझा दिवा दिसला की लोक म्हणणार, बघा, हिच्याच तारेवरचा. म्हणून काढून टाकले.”

“अख्खी ओळ?”

“एका ओळीने मी काही मरत नाही.”

थोआला वाटलं जमीन फाटावी आणि आपण आत जावं. इतके दिवस ती ह्या माणसाला आकड्यांत पकडायला निघाली होती, आणि हा आपल्या बागेतून तिच्या तारेसाठी वाट सोडून बाजूला झाला होता, तोंडातून चकार शब्द न काढता. तिचे डोळे भरून आले. तिला ते त्याच्यासमोर नको होतं, पण आले.

“चोर सापडला भावजी,” ती म्हणाली. “मीच दुकानातून विकत आणला होता. ही तार. तुम्ही जाड घे म्हणाला होतात.”

दियेनने वर तारेकडे पाहिलं. “किती खाते?”

“निम्म्याला थोडं कमी.”

“खादाडच आहे,” तो म्हणाला. पण हसला नाही, आणि तीही हसली नाही.

मग तिने सगळं सांगितलं. पंधरा अँपिअर निघतात आणि पंधराच पोचतात, तुम्ही एकसुद्धा घेतलेला नाही, मला लाज वाटते, मी तुम्हाला काय काय म्हणाले. तिचं बोलून झाल्यावर तो हळूच बोलला.

“तू घरी येऊन विचारलं असतंस तर मी तुला प्रत्येक खांबावर चढून दाखवलं असतं. मुओयबाईकडे नको होतं, थोआ. तिथे मी रोज बसायचो.”

दियेन जायला वळला, आणि चार पावलांवर थांबून म्हणाला की जुनी केबल तिच्या कुंपणाशी गुंडाळून ठेवलेली आहे, त्याने ती कापलेली नाही. एवढं बोलून तो गेला.

थोआ कुंपणाशी गेली. खरंच, नारळाच्या झावळ्यांखाली जाड केबलचं भेंडोळं होतं, टोकाला प्लास्टिक बांधलेलं, पाणी जाऊ नये म्हणून. ती उचलून आत ओढायची आणि दोन तारा जोडायच्या, की उद्याच तिचे दिवे लख्ख. मागायचीसुद्धा गरज नव्हती, त्याने आपण होऊनच सांगितलं होतं. पण तिचा हात पुढे होईना. लोकांच्या तोंडी ज्याचं नाव आपण घातलं त्याची केबल कुठल्या तोंडाने घ्यायची? आणि ती उघडी ओळ डोळ्यांपुढून जाईना.

तिने शिडी काढली आणि अंधार पडायच्या आत आपल्या बागेतले वीस दिवे उतरवले. उरले पंचवीस. ओझं हलकं झालं तसं तारेचं खाणंही घटलं, टोकाचे व्होल्ट एकशेसाठच्या वर चढले, आणि ते पंचवीस दिवे आधीपेक्षा दुपटीने उजळले. निम्मी बाग तरी फुलेल, ती मनाशी म्हणाली, निम्मी यंदा राहू दे. मग वीसही दिवे टोपलीत भरून ती दियेनच्या बागेत गेली. त्याच्या उघड्या ओळीत, रस्त्याच्या बाजूने, एकामागून एक दिवा तिने आपल्याच तारेला जोडला. इथून मीटर हाकेवर होता. एवढ्याशा तारेचा वाटा नावापुरताच होता, दिव्यांना पुरते दोनशेवीस मिळणार होते. दियेन घरात होता. त्याला कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं असणार, पण तो बाहेर आला नाही.

सकाळी, श्राद्धाचा स्वयंपाक चुलीवर चढवायच्या आधी, थोआ मुओयबाईच्या टपरीवर गेली. नेहमीची सगळी मंडळी होती. दियेनचं स्टूल रिकामं होतं, त्यावर कोणीतरी हेल्मेट ठेवलेलं होतं. मुओयबाईने गाळणीतून कॉफी सोडता सोडता डोळे बारीक केले आणि विचारलं, काय गं, काल रस्त्यावरून दिसलं, दियेनच्या मधल्या ओळीत दिवे लागलेत, तुझ्या तारेवर. म्हणजे तू म्हणालीस तेच खरं की.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ह्यापेक्षा सोपा रस्ता थोआला कोणी आखून दिला नसता. मान हलवली असती तरी भागलं असतं.

“त्या दिवशी मी म्हणाले ते खोटं होतं,” थोआ म्हणाली. तिने आवाज मोठाच ठेवला. “दियेनभावजींनी माझी कणभरही वीज घेतलेली नाही. मी दोन्ही टोकांना मोजलं. माझी वीज माझीच तार खात होती, आणि ती तार मीच हट्टाने आणली होती. माझ्या बोलण्यापायी त्यांनी आपली एक ओळ अंधारात ठेवली, त्या ओळीला कळी धरली नाही. आता मात्र माझ्या विजेचे दिवे त्यांच्या बागेत जळतायत. मी स्वतः टांगलेत. ज्याला बघायचं त्याने जाऊन बघावं.”

मुओयबाईची कॉफी पेल्याबाहेर सांडली. थोआ काही न घेता घरी आली.

माणसं जमायला लागली. लोयच्या फोटोपुढे तिने फळं मांडली, तांदळाच्या शेवया मांडल्या, अंडी घालून शिजवलेलं मांस मांडलं. बदकाची जागा तिने रिकामी ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायची, येतंय. दर वर्षी दियेन सगळ्यांत आधी यायचा. यंदा चुलत्या आल्या, मामा आले, शेजारी आले, उदबत्त्या अर्ध्या जळल्या, आणि त्याचा पत्ता नाही. थोआ चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारखी करत राहिली. आपण केलं ते पुरलं नाही, असं तिला वाटायला लागलं, आणि का पुरावं, असंही वाटलं.

मग दाराशी सायकलची घंटा वाजली. ती पदराला हात पुसावा तसे सदऱ्याला हात पुसत बाहेर गेली. दियेन उभा होता, एका हातात पाय बांधलेलं बदक, दुसऱ्या हातात पक्कड आणि तारा जोडायच्या चिकटपट्टीचं वेटोळं.

“उशीर झाला,” तो म्हणाला. “मुओयबाईकडे कॉफी घेत बसलो होतो.”